गोटीची दोनशे पावलं

त्या मंगळवारी मी नाचाच्या सरावाहून उड्या मारतच घरी आले, तर आई दारात उभी. हातमोजे काढलेले नाहीत, डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात. माझी आई चपला उलट्या घालणाऱ्यांतली नाही.

"गोटी फिरतेय," ती म्हणाली.

"कुठे?"

"कुठे नाही गो. जागच्या जागी. मान वाकडी करून, गोल गोल." मग आवाज अगदी खाली आणून, कोणी ऐकेल अशा भीतीने म्हणाली, "रानीखेत वाटतं मला."

हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा आहे. आई चिपळूणजवळच्या एका हॅचरीत, कोंबडीची अंडी उबवायच्या कारखान्यात, अठरा वर्षं होती. रानीखेत हा कोंबड्यांचा आजार. त्याचा विषाणू मेंदूपर्यंत पोचला की पक्ष्याची मान पिळवटते, तो गोल फिरत राहतो आणि मग पडतो. एकदा शेडमध्ये शिरला की आठवड्यात शेड रिकामी. आईने तशी शेड दोनदा पाहिलीय आणि त्याबद्दल ती कधीच बोलत नाही. एरवी ती सगळ्याबद्दल बोलते.

फक्त, गोटी कोंबडी नव्हती. तीनशे वर्षांपूर्वी संपून गेलेल्या पक्ष्याची ती पहिली मुलगी होती.

आता नीट सांगते. आम्ही राहतो रॉड्रिग्जवर. मॉरिशसपासून विमानाने दीड तास पूर्वेला, हिंद महासागरात पडलेला अठरा किलोमीटरचा तुकडा. सगळीकडे वारा, काठ्यांवर वाळत घातलेले ऑक्टोपस, आणि आपल्या केवड्याची चुलत भावंडं शोभतील अशी झाडं. या बेटावर एक पक्षी होता, जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. त्याचं नाव सॉलिटेअर. आई त्याला 'एकांडा' म्हणते आणि ते जास्त बरोबर आहे. खरं तर तो कबुतरच. पण बेटावर त्याला खाणारं कोणी नव्हतं, त्यामुळे त्याचे पूर्वज हळूहळू उडायचे विसरले, वाढत वाढत राजहंसापेक्षा मोठे झाले आणि ऐटीत चालायला लागले. पंख उडायला उरले नाहीत, भांडायला मात्र उरले. पंखाच्या सांध्यावर हाडाची एक गाठ यायची, गोटीएवढी, आणि तिचा फटका म्हणजे फटका. मग माणसं आली, त्यांची मांजरं आली, आगी लागल्या. शे-सव्वाशे वर्षांत एकांडा संपला. उरली ती चुनखडीच्या गुहांमधली हाडं.

त्या हाडांमधूनच गोटी आली. हाडाच्या आतल्या डीएनएचे लाखो तुकडे वाचून शास्त्रज्ञांनी एकांड्याचा पूर्ण पाठ जुळवला. त्याचा सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक म्हणजे निकोबारचं हिरवं झळाळतं कबुतर. त्या कबुतराच्या पेशींमध्ये जिथे जिथे पाठ वेगळा होता तिथे तिथे दुरुस्त्या केल्या आणि त्या पेशींपासून गर्भ तयार केला. इथपर्यंत सगळं संगणकावर आणि सूक्ष्मदर्शकाखाली. पुढे अडलं. निकोबारचं कबुतर आपल्या कोंबडीहून लहान, ते एवढं मोठं अंडं घालणार कसं? म्हणून कवच माणसांनी बनवलं, पातळ पारदर्शक पेल्यासारखं, आणि आत बदकाच्या अंड्यांचा बलक भरला. असली अंडी उबवायला यंत्र पुरत नाही. कधी फिरवायचं, किती फिरवायचं, कधी हात लावायचाच नाही, हे हाताला कळावं लागतं. एकवीस अंडी वाया गेल्यावर कोणीतरी म्हणालं, वीस वर्षं अंडीच फिरवलेलं माणूस आणा. ते माणूस म्हणजे प्रणाली पालशेतकर. माझी आई. बाबा गुहागरलाच राहिले, त्यांची होडी तिथे आहे. आमची गाठ रविवारी फोनवर पडते.

बाविसाव्या अंड्यातून गोटी आली. नाव मी ठेवलं. एकतर पंखावर पुढे येणारी गाठ, आणि दुसरं म्हणजे पंधराव्या दिवशी तिने एक काळा गुळगुळीत दगड गिळला. एकांड्याच्या पोटात असा एकच दगड असायचा, दाणे भरडायला.

तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि या बेटावर मुकी होते. शाळेत फ्रेंच आणि क्रिओल, मला दोन्ही शून्य. वर्गात जीभ टाळूला चिकटायची. मग शाळा सुटली की मी गोटीच्या कुंपणात जाऊन बसायचे आणि दिवसभराचं सगळं तिला मराठीत सांगायचे. ती मान तिरकी करून ऐकायची, मधूनच माझी वेणी ओढायची. वर्षभर तीच माझी मैत्रीण.

मग काय झालं कोण जाणे, क्रिओल एकदम फुटलं तोंडातून. जोआना नावाच्या मुलीशी मी भांडले आणि भांडता भांडता लक्षात आलं की मी भांडू शकतेय. जोआना आता माझी जिवलग आहे. शाळेच्या वार्षिकोत्सवासाठी मी सहा रॉड्रिग्जच्या मुलींना जाखडी शिकवत होते. आमच्या कोकणातला नाच. उजव्या पायात घुंगरांचा चाळ बांधायचा आणि गोल धरून फिरायचं, एकाच दिशेने, पाय आपटत. चाळ मामाने पाठवले होते. आई काम करते त्या संशोधन केंद्राच्या मागचं मैदान सपाट म्हणून आम्ही तिथे सराव करायचो, मंगळवारी आणि गुरुवारी, चार वाजता.

आणि हो, त्या दिवसांत मी गोटीकडे फारशी जात नव्हते. हेही लिहायलाच हवं.

तर गोटी फिरली. आईने त्याच क्षणी तिला आवारातून उचलून विलगीकरणाच्या खोलीत ठेवलं, आणि गोटीने खाणं सोडलं. गुरुवारी पुन्हा फिरली. पुढच्या मंगळवारी पुन्हा. बुधवारी रक्ताचा निकाल आला.

निकाल घेऊन बाबाजी मॅडम आल्या. डॉक्टर लताशा बाबाजी या केंद्राच्या प्रमुख. नाव ऐकून मला आधी दाढीवाले कोणीतरी वाटले होते. निघाल्या गॉगलवाल्या, केस बारीक कापलेल्या बाई. त्यांचे खापरपणजोबा कोकणातून मॉरिशसला उसाच्या मळ्यात आलेले. मॅडमचं मराठी शाळेत शिकलेलं, त्यामुळे इस्त्री केलेलं असतं.

"प्रणालीताई, वृत्त शुभ नाही. रक्तात रानीखेतविरुद्धची प्रतिपिंडं आढळली."

आई खुर्चीवर बसली.

"पण घशातल्या नमुन्यात काही सापडलं नव्हतं ना?" मी विचारलं.

"विषाणू मेंदूत शिरल्यावर घशात सापडेलच असं नाही. शरीराने त्याच्याशी युद्ध केल्याची खूण रक्तात राहते. ती आहे. लक्षणं आहेत. आणि टेकडीपलीकडे धोंडू आहे."

धोंडू हा दुसरा एकांडा, गोटीपेक्षा पाच महिन्यांनी लहान, नर. शिवाय बेटावरचे इवले पिवळे फोडी पक्षी, तेही जगात फक्त इथेच. नियम स्पष्ट होता. शुक्रवारी सकाळी सरकारी पशुवैद्य येणार, गोटीला इंजेक्शन देणार, आणि विषय संपणार.

मॅडम गेल्या. मी आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर पाहत होती.

"आई," मी म्हटलं. "तो थेंब."

"कसला थेंब?"

"सातव्या दिवशीचा. डोळ्यातला. मीच धरलं होतं गोटीला."

हॅचरीत पिल्लू सात दिवसांचं झालं की त्याच्या डोळ्यात रानीखेतच्या लशीचा एक थेंब टाकतात. आईने ते आयुष्यात लाखो वेळा केलंय. इथे लस द्यायला सक्त मनाई होती, कारण लस दिली की रक्तात तीच प्रतिपिंडं तयार होतात आणि खरा आजार आला तरी ओळखता येत नाही. पण गोटी सात दिवसांची झाली त्या सकाळी आई बेचैन होती. बंदराजवळच्या कोंबडीवाल्याकडून ती लस घेऊन आली. "हिला थेंबाशिवाय ठेवलं तर मला झोप यायची नाही," म्हणाली. टिप्, एक थेंब. मला म्हणाली, कोणाला सांगू नको. मी नाही सांगितलं. तेव्हा मला सांगायला भाषाही नव्हती.

"तो थेंब सांगितला तर रक्ताचा निकाल वेगळा वाचतील," मी म्हटलं.

"आणि फिरते त्याचं काय?" आई वळली. तिचे डोळे लाल होते. "मी पाहिलंय तिला फिरताना, शर्वी. दोन अख्ख्या शेड भरून पाहिलीत मी असली फिरणारी पाखरं. थेंब पडूनही काही पाखरांना होतंच. मी सांगेन, ते मला परत पाठवतील, तुझी शाळा सुटेल, आणि गोटी मरायची ती मरेलच. मग कशाला?"

तेव्हाच लक्षात आलं की गोटीला फिरताना मी एकदाही पाहिलेलं नाही.

गुरुवारी मी सरावाला दांडी मारली. जोआनाला निरोप दिला, आज तू घे, चाळ माझा बांध. ती म्हणाली, "सेनापती पळाला," आणि मग माझं तोंड बघून चाळ घेऊन निघाली.

मी गोटीपाशी जाऊन बसले. खोली बारा बाय दहाची, उंचावर एक जाळीची खिडकी. गोटी कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून उभी होती, कमरेएवढी, करड्या पिसांची, चोचीवर कपाळपट्टी बांधल्यासारखा काळा पट्टा. समोर चिरलेलं बीट तसंच. एका जुन्या प्रवाशाने लिहून ठेवलंय की पकडलेला एकांडा ओरडत नाही, नुसते अश्रू ढाळतो आणि मरेपर्यंत खात नाही. हे मला पाठ होतं. बाबाजी मॅडम केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला त्या प्रवाशाची पानं वाचायला लावतात.

"गोटे," मी म्हटलं, "मी येत नव्हते म्हणून रुसलीस का?"

ती हलली नाही. मी तिला सगळं सांगत बसले. जाखडीचं, जोआनाचं, गणिताच्या पेपराचं. पूर्वीसारखं. तिने मान तिरकी केली नाही की वेणी ओढली नाही.

तेवढ्यात जाळीतून आवाज आला. लांबून, बारीक. छुन्, छुन्, छुन्. चार वाजले होते. मैदानावर चाळ वाजायला लागले.

गोटीने डोकं वर केलं.

मान एका बाजूला कलली आणि ती फिरायला लागली. जागच्या जागी, डावीकडून, पंख अंगापासून थोडे सोडून. ते आईने सांगितलं तसंच होतं. एक फेरी. दोन. तीन. चौथ्या फेरीला बाहेर चाळ थांबले, बहुतेक कोणीतरी चुकलं होतं आणि जोआना ओरडत होती.

गोटी थांबली.

पुन्हा छुन्, छुन्. गोटी पुन्हा फिरायला लागली, त्याच बाजूने. चाळ थांबले, गोटी थांबली. झोकांडी नाही, पडणं नाही. पाय कसे टाकत होती सांगू? माझ्या सहा मुलींपैकी चौघींपेक्षा बरे.

मी उठून भिंतीवरच्या तक्त्याकडे गेले. हॅचरीत प्रत्येक यंत्रावर एक तक्ता टांगलेला असतो आणि तासातासाला तापमान, ओल, काय घडलं, सगळं त्यावर चढतं. आईने ती सवय इथेही आणली होती. तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: मंगळवार ४:१०, फिरली. गुरुवार ४:०५, फिरली. मंगळवार ४:०८, फिरली. बुधवार, नाही. शुक्रवार, नाही. शनिवार, रविवार, सोमवार, नाही.

विषाणूला आमच्या सरावाचं वेळापत्रक कुठून कळणार?

आणि खाणं तिने फिरल्यावर सोडलं नव्हतं. कोंडल्यावर सोडलं होतं. तेही तक्त्यावर होतं. आम्ही सगळ्यांनी ते वाचलं होतं आणि कोणीच पाहिलं नव्हतं.

बाबाजी मॅडमच्या खोलीत मी टकटक न करता शिरले. आई तिथेच होती, उद्याच्या कागदांवर सही करायला बोलावलेली. मी धापा टाकत तक्ता टेबलावर ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं. चार वाजता चाळ वाजतात, गोटी फिरते, ते थांबले की थांबते.

मॅडमनी गॉगल कपाळावर सरकवला. "त्या प्रवाशाचं लेखन मलाही पाठ आहे, शर्वी. एकांडे एकमेकांना बोलावण्यासाठी चार-पाच मिनिटांत वीस-तीस गिरक्या घेत, एकाच बाजूने. परंतु पंखांचा खुळखुळ्यासारखा नाद होई, दोनशे पावलांवर ऐकू जाई. ही मुकी फिरते. आणि रक्ताचं काय? रक्त खोटं बोलत नाही."

आता फक्त थेंब उरला होता. माझी जीभ टाळूला चिकटली, वर्षभरापूर्वी चिकटायची तशी. मी आईकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलू शकले नसते.

"मॅडम, गोटी सात दिवसांची असताना..."

"थांब," आई म्हणाली. "तू लहान होतीस. हे माझं आहे."

आणि तिने सांगितलं. तारीख, वेळ, लशीचं नाव, कुठला डोळा. सगळं, तक्त्यावर लिहावं तसं.

मॅडमनी तक्ता पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. मग म्हणाल्या, "मी अत्यंत नाराज आहे." आणि उठल्या. "ते चाळ कुठे आहेत?"

दहा मिनिटांनी आम्ही गोटीला बाहेर आणलं, दोन्ही बाजूंनी जाळी असलेल्या छोट्या अंगणात. मैदानावरून जोआना आणि बाकीच्या धावत आल्या, त्यांना लांब उभं केलं. जोआनाने माझ्या पायात चाळ बांधला, गाठ जरा जास्तच आवळली. आई आतच जाळीला धरून उभी होती आणि तिच्या दोन्ही चपला बरोबर होत्या, एवढं मी पाहिलं.

मी नाचायला लागले. मामा शिकवतो तसं, टाच, चवडा, टाच. गोटीने माझ्याकडे पाहिलं. फिरली. मी थांबले, ती थांबली. मी मुद्दाम मधेच सुरू केलं, तिने पुढच्याच ठेक्याला धरलं. मॅडम मोजत होत्या, आधी मनात, मग पुटपुटत, मग चक्क मोठ्याने. "अठरा. एकोणीस. वीस."

एकविसाव्या गिरकीला गोटीने पंख पूर्ण सोडले. सांध्यावर दोन्हीकडे करड्या पिसांतून टेंगळं वर आलेली मला पहिल्यांदाच दिसली. महिनाभरात वाढली असणार, आणि मी महिनाभर आले नव्हते. पंख अंगावर आपटले आणि आवाज झाला. खडखडखड. वाळलेल्या शेंगा टोपलीत हलवाव्यात तसा.

तीनशे वर्षांत तो आवाज कोणी ऐकला नव्हता. आम्ही नऊ जणींनी तो ऐकला.

सव्वीस गिरक्यांवर गोटी थांबली, दोन पावलं चालली आणि आईने पायाशी टाकलेला बिटाचा तुकडा उचलून खाल्ला.

आई खाली बसली आणि पदर नसल्यामुळे हातमोज्यानेच डोळे पुसायला लागली. "रानीखेतवालं पाखरू खात नाही," ती म्हणत होती. "खात नाही गो ते. चोचच उघडत नाही."

शुक्रवारी पशुवैद्य आले ते इंजेक्शन न देता परत गेले. मॅडमनी दहा दिवस मागून घेतले. आजार खरा असेल तर दहा दिवसांत रक्तातली प्रतिपिंडं झपाट्याने वाढतात. जुन्या लशीची असतील तर तेवढीच राहतात. ते दहा दिवस आईने तक्त्यावर गोटीच्या विष्ठेचा रंगसुद्धा तीन छटांत लिहिला. अकराव्या दिवशी निकाल आला. तेवढीच. जशीच्या तशी. मी अंगणात चार कोलांट्या मारल्या, त्यातल्या तीन नीट जमल्या.

मग मॅडमनी आईला बोलावलं. आई चांगली साडी नेसली, परतीच्या तयारीने. तासाभराने आली ती जाडजूड कोरी वही घेऊन.

"काय म्हणाल्या?"

"लेखी ताकीद दिली. आणि म्हणाल्या, तुमच्या हॅचरीतल्या सगळ्या सवयी इथे लिहून काढा. एकही गाळायची नाही. कुठली चालते, कुठली नाही, ते त्या ठरवणार. म्हणाल्या, एका सवयीने जवळजवळ जीव घेतला, पण पिल्लू आलं ते बाकीच्यांमुळे." आई वही चाळत राहिली. कोरी होती तरी. "दोनशे पानी आहे गो. पुरायची नाही."

त्याच दुपारी गोटीला मोठ्या आवारात परत सोडलं. टेकडीचा अख्खा उतार तिचा. मी आधीच आत जाऊन उभी राहिले, हात पसरून. म्हटलं, आता रोज येणार, चुकवणार नाही, वेणी ओढ हवी तेवढी.

गोटी ऐटीत बाहेर आली. माझ्याकडे पाहिलं. मान खाली घातली. आणि धावत येऊन पंखाचा असा दणका माझ्या नडगीवर दिला की मला दिवसा चांदण्या दिसल्या.

"गोटे, मी आहे."

दुसरा दणका.

मी पळाले. ती मागे. तिच्यापुढे पळता पळता मला त्या जुन्या प्रवाशाचं आणखी एक वाक्य आठवलं. एकांड्याची मादी आपल्या जागेच्या दोनशे पावलांत दुसऱ्या मादीला उभं राहू देत नाही. म्हणजे मी येत नव्हते म्हणून ती रुसलीच नव्हती. ती मोठी झाली होती. आणि मला तिने चक्क एकांड्याची मादी ठरवलं होतं, एवढा मोठा मान मला अजून शाळेतसुद्धा कोणी दिलेला नाही.

पावलं मी मोजली. एकशे अठ्ठ्याण्णवाव्याला ती थांबली. दोन पावलांची सूट, जुन्या ओळखीखातर.

मग ती वळली, उतारावर आपल्या जागी गेली आणि फिरायला लागली. चाळ नव्हते, मी नाचत नव्हते, कोणी काही वाजवत नव्हतं. खडखडखड. ती थांबली. वारा तेवढा होता. आणि टेकडीपलीकडून, अगदी कच्चा, मधेच अडखळणारा, आवाज फुटत असलेल्या मुलासारखा, धोंडूचा खडखडाट आला.

आई कुंपणापाशी तक्ता घेऊन उभी होती. "लागलं का गो?"

"लागलं. पाय काळानिळा होणार."

"मग हसतेस काय?"

"तू काय लिहितेयस?"

तिने तक्ता माझ्याकडे फिरवला. गोल अक्षरात होतं: ४:२०, शर्वीला हाकललं. भूक उत्तम.